फारूखच्या वजनाचं पोतं

फारूख वेरूळच्या शिबिरातून परत आला तो इतका जड होऊन, की शहागंजातल्या रहीमशेठच्या काट्याचं एक पारडं फरशीवर आदळलं आणि दुसऱ्या पारड्यातलं ज्वारीचं पोतं वर जाऊन छताच्या लाकडाला लागलं. तिथं एक पाल बसली होती. तिचं पुढं काय झालं ते कळलं नाही.

आता हे वाचलंत तसं विसरून जा. असं काही झालेलं नाही. फारूख अजून घरीच आहे, हडकुळा आहे, आणि वेरूळला गेल्यावर काय खायचं याचा आम्ही विचार करत बसलो आहोत.

विचार करायचं काम माझ्याकडं होतं. आमच्या शाळेत स्काउटांची तुकडी निघाली तेव्हा जो तो एकेक खातं घेऊन मोकळा झाला. सांडूला तंबू मिळाला, कारण त्याच्या चुलत्याकडं लग्नाचे तंबू होते. मला खाणं मिळालं, कारण खाती वाटत होते तेव्हा मी पेरू खात होतो. तुकडीचे प्रमुख होते निजामुद्दीन मास्टरसाहेब. एरवी ते भूगोल शिकवायचे, पण हैदराबादेहून स्काउटांचं शिक्षण घेऊन आल्यापासून त्यांना विटामिन नावाची गोष्ट समजली होती आणि ती आम्हाला सगळ्यांना व्हावी अशी त्यांची फार इच्छा होती.

"बन्सी," ते मला म्हणाले, "वेरूळला तीन मुक्काम. सकाळचा नाष्टा, दोन वक्तांचं जेवण, आणि मधल्या भुकेला काहीतरी. सगळं सेहतीला चांगलं पाहिजे. तळलेलं नको, बाजारातलं नको, उघड्यावरचं नको."

"साहेब, आपला क्याम्पच उघड्यावर हाय."

"बैठ जाओ."

मी बसलो. मग त्यांनी तुकडीचा सगळ्यात मोठा नियम सांगितला. जे क्याम्पात शिजेल तेच क्याम्पात खायचं. बाहेर शिजलेला एक घास जरी तोंडात गेला तरी तो मुलगा स्काउट नाही. हा नियम मास्टरसाहेबांनी फार कडक आवाजात सांगितला. तो तसाच लक्षात ठेवा. पुढं गावकऱ्यांनीही तो अगदी कडकपणे पाळला.

इथवर अवघड काहीच नव्हतं. अवघड होता तो फारूख.

फारूख माझ्या शेजारी बसायचा. मग त्याला मुदतीचा ताप आला. ताप मुदत संपल्यावर गेला, पण फारूखच्या अम्मीला, म्हणजे शमशादखालाला, ते पटलं नाही. त्यांच्या मते ताप गेला नव्हता, नुसता दाराबाहेर जाऊन उभा राहिला होता. फारूख बाहेर पडला की तो त्याला धरणार. वडील हैदराबादेला नोकरीला, त्यामुळं घरात हुकूम खालाचाच. फारूखची शाळा बंद, मौलवीसाहेब घरी येऊन शिकवत. एव्हाना तो चांगला धडधाकट झाला होता. अम्मी नमाजाला बसली की जिन्यावरून चार-चार पायऱ्या गाळून उड्या मारायचा. बाकीचा वेळ गच्चीवर. गच्चीवरून सगळं शहागंज दिसायचं, घड्याळाचा मनोरा दिसायचा, आणि कुणाच्या दारात कुणाची बकरी काय खातेय तेही दिसायचं.

शिबिराची बातमी सांगायला मी गेलो तेव्हा तो गच्चीवरूनच खाली वाकला.

"बन्सी, मला खायला काय बी दे. नायतर काहीच देऊ नको. मला फक्त अशा जागी बसायचंय जिथून आमचं घर दिसत नाय."

मागणी काही फार मोठी नव्हती. आमच्या रियासतीत अशा जागा पुष्कळ आहेत. पण तिथं पोचायला खालाच्या अंगणातून जावं लागतं.

"खाला, फारूखला आमच्यासंगं वेरूळला पाठवा."

"काइकू? पहाड पे ले जाके मारने कू?"

"मारणार नाय. खाण्याचं सगळं माझ्याकडं हाय."

"वोच तो डर है रे पोट्टे."

पण त्या दिवशी फारूखनं अम्मीसमोर सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं. बोलायलाही नाही आणि खायलाही नाही. मग खालांनी अटी घातल्या. पहिली, हकीमसाहेब पसंत करतील तेच खायचं. दुसरी, जाताना वजन करायचं आणि आल्यावर पुन्हा करायचं.

"जैसा ले जा रा वैसाच वापस होना. जरा भी कम हुआ तो शादी तलक घर के बाहर कदम नईं."

"आणि शादीला?" मी विचारलं.

"शादी घर मेंच होती."

फारूखचं वय तेव्हा पंधरा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला एकदम जबाबदार वाटायला लागलं. ही भावना मला पूर्वी कधी झाली नव्हती आणि ती मला मानवली नाही.

वजन करायला रहीमशेठच्या धान्याच्या दुकानात गेलो. खाला टांग्यात पडद्याआड. रहीमशेठला माणसं तोलायची सवय होती. नवसाची लेकरं तो गुळाबरोबर तोलून द्यायचा. तो म्हणाला, आकड्यावर पुढं भांडणं होतात, आकडा लिहायचाच नाही. त्यानं फारूखला एका पारड्यात मांडी घालून बसवलं, दुसऱ्यात रिकामं पोतं ठेवलं, आणि पोत्यात ज्वारी ओतत गेला. दांडी सरळ झाली तसा हात थांबवला. पोत्याचं तोंड सगळ्यांसमोर सुतळीनं शिवलं, त्याला लाल चिंधी बांधली आणि कोपऱ्यात उभं केलं.

"हे पोतं म्हंजी फारूख," रहीमशेठ म्हणाला. "कमी-जास्त झालं तर हेच्याशी झालं."

फारूख पोत्याकडं बघत होता. "माझ्यापेक्षा तब्येतीनं बरं दिसतंय," तो म्हणाला.

माझं खाण्याचं नियोजन इथूनच सुरू झालं होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. मी फारूखला सांगून ठेवलं होतं की तोलायला येताना उपाशी ये, खिसे मोकळे ठेव, जोडे घरी काढ. परतल्यावर तोलायला जाताना ह्याच्या उलट करायचं. आहारशास्त्रात ह्याला काय म्हणतात ते मास्टरसाहेबांनी शिकवलं नव्हतं.

मग पदार्थ ठरवायला घेतले. इथं आमच्या घरचीही एक अट आडवी आली. माझे थोरले चुलते काकासाहेब स्वतःच्या पोटावर प्रयोग करून करून वैद्य झालेले. त्यांच्या मंजुरीशिवाय आमच्या घरातलं लेकरू परगावी काही खात नसे. हंडा तर सगळ्यांचा एकच. म्हणजे जे शिजेल ते हकीमसाहेबांनाही चाललं पाहिजे आणि काकासाहेबांनाही. दोघं एकाच गल्लीत समोरासमोर राहायचे आणि त्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की समोरच्याला काही कळत नाही.

मी आधी हकीमसाहेबांकडं गेलो. "ज्वारीची भाकरी?"

"खुश्क."

"तुरीचं वरण?"

"बादी. पेट में हवा भरती."

"पेरू?"

"सर्द. बच्चा अभी बुखार से उठा है, तुम उसको पेरू खिलाते?"

मग बाजरी, गूळ, तीळ हे सगळं त्यांनी पास केलं. मी रस्ता ओलांडून काकासाहेबांकडं आलो.

"बाजरीची भाकर नि गूळ?"

"उष्ण. नाकातनं रक्त यील."

"तीळ?"

"लई उष्ण."

"अंडी?"

काकासाहेब उठून आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

असा मी रस्ता ओलांडत राहिलो. इकडं जे गरम म्हणून चालायचं ते तिकडं गरम म्हणूनच मरायचं. शेंगदाण्यानं खोकला, वांग्यानं खाज, दह्यानं कफ, दूध खिचडीवर प्यायलं तर कोड. दुपार टळली तेव्हा माझ्याकडं पाणी उरलं होतं, आणि त्यावरही कोमट की गार हा वाद चालूच होता. शेवटी मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि मोठ्यानं विचारलं, "मग खायचं काय?"

"मूग," हकीमसाहेब त्यांच्या ओट्यावरून म्हणाले.

"मूग," काकासाहेब आमच्या ओट्यावरून म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडं अशा नजरेनं बघितलं की जणू समोरच्यानं आपला मूग चोरला. पण शब्द तोंडातून गेला होता. मुगाची खिचडी मंजूर झाली. मधल्या भुकेला फुटाणे मंजूर झाले, फक्त हकीमसाहेब म्हणाले सोललेले, आणि काकासाहेब म्हणाले टरफलासकट, सगळा गुण टरफलात असतो. मी दोघांचंही ऐकलं. फुटाणे सोलून एका पिशवीत भरले आणि टरफलं दुसऱ्या पिशवीत. ज्याला ज्याचं पटेल त्यानं ते खावं.

मास्टरसाहेबांना बेत सांगितला. सकाळी खिचडी, दुपारी खिचडी, सांजेला खिचडी. मधल्या वेळी फुटाणे.

"और विटामिन?"

"दुसऱ्या पिशवीत, साहेब."

त्यांनी माझी पाठ थोपटली.

आता राहिलं सरपण. वेरूळला माझे मामा राहतात, कारभारीमामा. त्यांच्याकडं निरोप द्यायला मला शहागंजात वेरूळचाच एक गाडीवान भेटला. त्याला म्हटलं, "मामाला सांगा, आम्ही नदीच्या अलीकडं माळावर उतरतोय. जरासं सरपण तेवढं लागंल. बाकी काही करू नका म्हणावं."

सगळं चुकलं ते इथं. आमच्या मुलखात पाहुण्याकडून 'काही करू नका' असा निरोप आला, की घरातला बोकड उभ्याउभ्या सावध होतो. मी ह्याच मुलखात वाढलेला. तरी तोंडातून गेलं.

वेरूळला पोचलो. सांडूनं तंबू उभारला. लग्नाचा असल्यामुळं त्याला झालर होती. मी तीन दगड मांडले, हंडा चढवला. फारूख एका खडकावर जाऊन बसला आणि औरंगाबादच्या दिशेला बघत राहिला. मध्ये घाट होता, दौलताबादचा किल्ला होता, आणखी बरंच काही होतं.

"दिसतंय का घर?"

"नाय," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "एकदम नाय." आणि असा हसला की मला पुन्हा ती जबाबदार भावना झाली.

तेवढ्यात मामा आले. डोक्याला पटका, खांद्यावर सरपणाची मोळी. त्यांनी मोळी खाली टाकली आणि हंड्यात वाकून बघितलं.

"ह्ये काय?"

"खिचडी, मामा."

"कोण आजारी हाय?"

"कुणीच नाय."

"मग खिचडी कामून?"

"आरोग्यासाठी."

मामा खाली बसले. "बन्सी, माझ्या बहिणीचं लेकरू माझ्या गावाच्या शिवंवर दगडावर भांडं ठिवून दुखणेकऱ्याचं अन्न खातंय. हा धूर सगळ्या गावाला दिसतोय. उद्या फुलंब्रीला माझ्या पोरीच्या सासरी ह्ये कळलं, की मी तोंड कुठं लपवू?"

मास्टरसाहेब पुढं आले. "देखिए कारभारी, आमचा उसूल हाय. बाहेरचं खाणं बंद. क्याम्पात शिजेल तेच पोरं खातील."

मामांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. विचार करायचा असला की ते असंच करतात.

"म्हंजी हितं शिजलेलं चालतंय?"

"बेशक."

"कुणी बी शिजवलं तरी?"

मास्टरसाहेब भूगोलाचे होते. त्यांना ह्या प्रश्नातला खड्डा दिसला नाही. "बेशक," ते म्हणाले.

मामा उठून गेले. जरा वेळानं चतुरामामी आली. डोक्यावर पाटा, कडेवर वरवंटा, मागं दोन जावा, त्यांच्या डोक्यांवर घागरी आणि पिठाचं डालं. सगळ्यात मागं एक बोकड. तो स्वतःच्या पायांनी शिबिरात आला होता आणि अजून शिजलेला नव्हता, त्यामुळं नियमात काही अडलं नाही.

"बया गं, कसली वाळली लेकरं," मामी म्हणाली. फारूखकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. "ह्येचं तर नुसतं सावलीवरच भागलंय."

बोकड तंबूच्या खुंटीला बांधला. खुंटीशेजारी माझ्या दोन पिशव्या होत्या. बोकडानं आधी टरफलं खाल्ली, मग फुटाणे, मग पिशव्या. मामीनं हंड्यातली खिचडी चाखली आणि हंडा त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तीही संपवली. म्हणजे हकीमसाहेब आणि काकासाहेब दोघांनी मंजूर केलेला आमचा सगळा आहार बोकडाच्या पोटात गेला. मग गावचे मुलाणी सुरी घेऊन आले. वेरूळात बोकड कुणाच्याही घरचा असो, सुरी मुलाण्यांचीच. त्यामुळं पंगतीत फारूखला आणि मास्टरसाहेबांना विचारण्यासारखं काही उरत नाही. आणि पंगत झाल्यावर तो आहार बोकडामार्फत आमच्यात आला. बेत मोडला असं कुणाला म्हणता येणार नाही. फक्त तो जरा लांबच्या रस्त्यानं आला.

मास्टरसाहेबांनी आधी नुसता रस्सा घेतला. मग मामीनं काही न विचारता वाढलं. मग त्यांनी विचारून घेतलं. शेवटी त्यांनी बोट चाटत मला हळूच विचारलं, "इसमें विटामिन तो होंगे?"

"बोकडात सगळी टरफलं गेलीत, साहेब."

"फिर ठीक है."

दुसऱ्या दिवशी मामांच्या चुलत भावानं हुरड्याला बोलावलं. मास्टरसाहेब म्हणाले, शेतातला हुरडा म्हणजे क्याम्पाबाहेरचा. गावकऱ्यांना हे पटलं. नियम म्हणजे नियम. त्यांनी आमचा तंबू उपटला, झालरीसकट शेतात नेऊन रोवला आणि आगटी तंबूच्या दारात पेटवली. गरम हुरडा, लसणाची चटणी, गुळाचे खडे, वर ताक. तिसऱ्या दिवशी मुलाण्यांच्या घरी शीरखुर्मा होता. तंबू त्यांच्या अंगणात गेला. मग त्याच दिवशी आणखी कुणाकडं धपाटी होती, कुणाकडं पुरण होतं. तंबू जिथं जेवण तिथं जायला लागला. शेवटी शेवटी लोक आम्हाला बोलावत नसत, नुसता तंबू घेऊन जात. आम्ही मागून जायचो. ह्या धावपळीत लेणी बघायची राहिली. पण लेणी कुठं पळून जात नाहीत.

आणि फारूख खात होता. घरी ताटात बोट फिरवत बसणारा फारूख मामीच्या पुढ्यात मांडी घालून बसायचा आणि भाकरी हातात यायच्या आधी तिच्याकडं बघायचा.

"कसं वाटतंय रे?" मी विचारलं.

"भूक लागलीय."

"आत्ताच तर जेवलास."

"व्हय. म्हणूनच."

तरी मला धाकधूक होतीच. पोटात गेलेलं अंगाला लागलं का, हे वरून कसं कळणार? निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला धरलं.

"वजन वाढलंय का तुझं?"

"पायजम्याचा नाडा पुरंना."

"नाडा आटला असंल. भरवसा ठेवू नको."

दोघं नदीवर गेलो. चांगले गुळगुळीत, वजनदार गोटे निवडले. चालताना वाजायला लागले म्हणून सांडूचे मोजे मागून घेतले, गोटे मोज्यांत भरले आणि मोजे फारूखच्या शेरवानीच्या खिशांत. शेरवानी लांब होती. खिसे मांडीपर्यंत लोंबले. सांडूनं मोजे कशाला पाहिजेत म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, आरोग्यासाठी.

आता सुरुवातीला जे झालं नाही म्हणालो होतो, ते होण्याची वेळ आली.

रहीमशेठनं कोपऱ्यातलं पोतं आणलं. तो ते जरा घाईघाईनं उचलतोय असं मला वाटलं. फारूख पारड्यात बसला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पारडं, फरशी, पोतं, छत, पाल.

टांग्याच्या पडद्यामागून आवाज आला. "कम है क्या रहीमभाई?"

"नईं, बेगमसाहेबा. ज्यादा है."

"कित्ता ज्यादा?"

रहीमशेठनं वर बघितलं. "पोता उप्पर है."

मी छाती फुगवून उभा होतो. खालाची अट पुरी झाली होती. मला वाटलं, खाला आता दुवा देतील, निदान शीरा तरी पाठवतील. पडदा हलला, बुरख्यातला एक डोळा बाहेर आला, आणि शहागंजात किंकाळी उठली.

"हाय अल्ला! सूज गया मेरा बच्चा!"

हकीमसाहेबांना बोलावलं. किंकाळी ऐकून काकासाहेबही आले. हकीमसाहेबांनी फारूखचे गाल दाबले, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, आणि मग हात खाली नेऊन त्याची उजवी मांडी दाबली. नेमकी खिशावरून.

त्यांचा चेहरा गंभीर झाला. "वरम है. बहुत सख्त."

काकासाहेबांनी डावी मांडी दाबली. "दगडासारखी सूज हाय," ते म्हणाले. "लई आत गेलीय."

त्या दोघांचं एकमत झालेलं पाहायला गल्लीतली माणसं धावत आली होती. असं दुखणं कुणी बघितलं नव्हतं.

खालांनी आमच्याबरोबर आलेल्या मास्टरसाहेबांना हाक मारली. "मास्टर साब, खिलाए क्या इसको?"

मास्टरसाहेबांनी पोटावर हात आडवा धरला. त्यांच्या सदऱ्याचं पोटावरचं एक बटण वेरूळलाच राहिलं होतं. "खिचडी, मोहतरमा," ते म्हणाले. "और चने." हे खोटं नव्हतं. खिचडी आणि फुटाणे शिबिरातून कुठं बाहेर गेलेच नव्हते.

मी रहीमशेठकडं सरकलो. पोत्याची सुतळी मला नवी दिसली.

"रहीमशेठ, पोतं हलकं झालं का हो?"

"हळू बोल," तो पुटपुटला. "गिऱ्हाईक आलं, दुकानात ज्वारी नव्हती. जराशी काढली. वरनं उंदरानंबी हात मारलाय. तू माझी सुतळी पाहिली नाय, मी तुझे खिसे पाहिले नाय."

म्हणजे फारूखला त्या पारड्यातून मोकळं करायला तिघांपैकी कुणीही एकानं खरं बोलणं पुरेसं होतं. मास्टरसाहेब बोलले तर क्याम्पाची अब्रू जायची. रहीमशेठ बोलला तर काट्याची. आणि मी बोललो तर फारूख लबाड ठरून शादीपर्यंत घरात. ती शादीही घरात.

फारूखनं माझ्याकडं बघितलं. त्याचा हात खिशाकडं गेला. मोज्यापर्यंत गेला. मग त्यानं तो रिकामाच बाहेर काढला आणि डोळे मिटून थोडासा कण्हला. उत्तम कण्हला. काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

नंतर गच्चीवरून त्यानं मला कारण सांगितलं. "सूज कवातरी उतरती, बन्सी. अम्मीचा भरवसा एकदा उतरला की चढत नाय."

दोघा वैद्यांनी मिळून इलाज लिहून दिला. सूज उतरेस्तोवर घराबाहेर पाऊल नाही. सकाळी मुगाची खिचडी, दुपारी मुगाची खिचडी, सांजेला मुगाची खिचडी. मधल्या भुकेला फुटाणे, सोललेले. आणि टरफलं वेगळी. मी इतक्या कष्टानं आखलेला बेत अखेर एका माणसानं तरी पाळला.

सूज उतरली हे ठरवायचं कसं, तर त्याच पोत्यावरून. पोत्याशी दांडी सरळ झाली, की फारूख मोकळा. दर शुक्रवारी खाला त्याला टांग्यातून दुकानात आणतात. गोटे मी पहिल्याच शुक्रवारी काढून घेतले. वेरूळचं मांसही खिचडीनं हळूहळू उतरलं. पण रहीमशेठच्या दुकानात उंदीर आहेत. फारूख पोत्याजवळ यायला लागला, की पोतं आणखी हलकं होतं. सगळ्यांसमोर शिवलेलं पोतं, ते पुन्हा उघडून भरायचं म्हटलं तर आधी का रिकामं झालं ते सांगावं लागेल. त्यामुळं फारूख उपाशी राहून पोत्याच्या मागं धावतोय आणि उंदीर पोटभर जेवून पुढं.

परवा त्यानं गच्चीवरून विचारलं, "पुढचा क्याम्प कवा?"

"ठरतोय," मी म्हटलं.

"मामीला सांगितलंस का?"

"काही करू नका म्हणून सांगितलंय."

तो खूश होऊन आत गेला. आणि मी हा अर्ज लिहायला बसलो, जो जिल्ह्याचे सगळ्यात मोठे साहेब, अव्वल तालुकदारसाहेब बहादुर, जिल्हा औरंगाबाद, यांच्या कचेरीत आज गुदरत आहे:

अर्जदार बन्सी, खाणेप्रमुख, स्काउट तुकडी, अदबीनं विनंती करतो की शहागंजातील एका धान्याच्या दुकानी लाल चिंधीच्या पोत्याच्या हिफाजतीकरता एक सरकारी मांजर पगारी तैनात करावं. फारूखचं वजन पोत्याइतकं भरताच त्याला सूज नसल्याचा दाखला कचेरीच्या मोहरेनिशी त्याच्या वालिदा यांस मिळावा. आणि पुढील शिबिराकरता दौलत-ए-आसफियाच्या, म्हणजे आपल्या रियासतीच्या, हद्दीत असा एक माळ मुकर्रर करावा, जिथून फारूखचं घर दिसत नाही आणि जिथं कुणाचाही मामा राहत नाही. असा माळ शिल्लक नसल्यास शिबिराच्या मुदतीपुरती सर्व मामांची परजिल्ह्यात बदली करण्यात यावी. माम्यांना मात्र जागेवरून हलवू नये.